एकाच माणसाला लिही

सुखदेवने लिहिलेल्या पहिल्या जाहिरातीने मी टेबलावर सांडलेला चहा पुसला. त्याच्यासमोरच. कागद जाड होता, चहा चांगला टिपला गेला, आणि तसं मी त्याला सांगितलंसुद्धा. त्या जाहिरातीबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच होतं.

"आता वाच," मी म्हटलं.

त्याने ओला कागद दोन बोटांत धरला. "यशाच्या उत्तुंग शिखरावर..." पुढची शाई पसरली होती.

"बुटकं शिखर कधी पाहिलंयस?"

"नाही मॅडम."

"मग उत्तुंग कशाला? आणि खाली काय आहे? सुवर्णसंधी. उज्ज्वल भविष्य. गुरुकिल्ली. अरे, या शब्दांचं तेरावं उरकून वर्षं लोटली. तू अजून त्यांना जेवायला बोलावतोयस. जा, दुसरं लिहून आण."

दुसरा कोणी असता तर जिना उतरून गेला असता. बरेच गेले. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेली एक मुलगी तर रडत गेली आणि आमच्याबद्दल कुठेकुठे लिहीत बसली; तेही फार वाईट लिहिलं होतं. सुखदेव मात्र तिथेच उभा राहिला, कागदाची ओली घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "आजच आणतो." मला तो तिथे आवडला. आवडला म्हणून मी त्याला सोडला असं मात्र नाही.

मी सुहासिनी. उभा जन्म जाहिराती लिहिल्या. साबण, लोणची, सासूला पटेल असा कुकर, सुनेला पटेल असा फ्लॅट. मग एजन्सीला तरुण रक्त हवंसं झालं आणि त्यांनी माझ्यासाठी केक कापला. केकवर माझं नाव चुकीचं नव्हतं, एवढाच त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून मी सदाशिव पेठेत, गरुडमाथा अकॅडमीत बसते. स्पर्धा परीक्षांचा क्लास. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही, आणि आमच्या वर अभ्यासिका, जिथे महाराष्ट्रभरातली पोरं पंख्याखाली ओळीने बसून तहसीलदार व्हायची वाट बघतात.

क्लास शुभंकर सरांचा. ते स्वतः कधीच काही झाले नाहीत. मुलाखतीपर्यंत जाऊन जाऊन परत आले आणि आता मुलाखत कशी द्यावी हे शिकवतात. माणूस हुशार आहे. त्यांना एक गोष्ट फार लवकर कळली. नवीन पोरगा क्लासला आणणं अवघड, कारण त्याला दहा क्लास बोलावतात. पण जो अगदी दाराशी पोचून पडला आहे, थकला आहे, घरी जायचं ठरवतो आहे, त्याला पुन्हा बसवणं सोपं. त्याला सवय झालेली असते. अशांना सर 'परतीचे' म्हणतात. मुख्य परीक्षेचा निकाल लागला, मुलाखतीची यादी लागली, की परतीचे बॅगा भरू लागतात आणि आम्ही कामाला लागतो.

सुखदेवही परतीचाच. वाशिमकडचा. आई अंगणवाडीत मदतनीस, घरातला पहिला पदवीधर, तिशी उलटून गेलेली. आमच्याच क्लासला होता, मग परीक्षेचा नाद सोडला, पण घरी ते सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा, तो जिन्यात जाऊन "जय भीम आई" म्हणायचा, आणि अभ्यास चालू आहे म्हणायचा. प्रत्यक्षात तो आमच्या नोट्सची नीट मांडणी करून खाली झेरॉक्सला द्यायचा. शुभंकर सरांनी तो माझ्याकडे आणून उभा केला.

"मॅडम, याला जाहिरातीची कॉपी लिहायला शिकवा. तुम्ही तरी किती वर्षं पुरणार आम्हाला?"

हे ते माझ्या तोंडावर म्हणाले. पुण्यात इतकं स्पष्ट बोलणारा माणूस बाहेरगावचाच असतो. मीही विचारलं, "आणि शिकला तर?"

"या वेळचा परतीचा मेसेज त्याला लिहू दे. पोरं परत आली तर नोकरी पक्की. नाहीतर..." सर सुखदेवकडे वळले. "नाहीतर वाशिमला काय वाईट आहे?"

सुखदेवचा चेहरा तेव्हा मी बघितला. वाशिमला काही वाईट नव्हतं. पण वाशिमला जाऊन त्याला आईला सांगावं लागलं असतं. माझ्या शिकवण्यातला अर्धा भाग तिथेच उरकला. कशाची भीती वाटते हे त्याला ठाऊक होतं, आता ती दुसऱ्याच्या बाबतीत ओळखायची होती.

मी त्याला आधी ऐकायला पाठवलं. मेसमध्ये बस, चहाच्या टपरीवर उभा राहा, कान उघडे ठेव, तोंड बंद. परत येऊन त्याने सांगितलं, की पोरांना दर्जेदार मार्गदर्शन हवं आहे.

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच, मॅडम."

"कोणाच्या तोंडून 'दर्जेदार' हा शब्द ऐकलास?"

मी त्याला परत हाकललं. दुसऱ्या खेपेला त्याने आणलं ते असं: एक पोरगा मेसवाल्या काकांना म्हणाला, पुढच्या महिन्यापासून डबा बंद करा, आणि मग काही कारण नसताना पुन्हा पुन्हा म्हणाला, गावाला जाऊन येतो. जाऊन येतो, असं. काकांनी काही विचारलंच नव्हतं.

"हां," मी म्हटलं. "आता तुला कान आले."

त्याला ते कौतुक वाटलं. तो हसला. मग मी त्याला सगळ्यात महत्त्वाचं शिकवलं, जे मला शिकायला निम्मं आयुष्य गेलं आणि जे मी फुकट कोणाला सांगत नाही.

"गर्दीला लिहू नकोस. गर्दी वाचत नाही. एक माणूस डोळ्यासमोर आण. जिवंत, नावगाव असलेला, तुझ्या ओळखीचा. फक्त त्याला लिही. बाकीचे हजार जण आपोआप म्हणतील, अरे, हे तर माझ्याबद्दल आहे. कोण आहे तुझ्याकडे असा?"

त्याला विचार करावा लागला नाही. "योगेश. माझा रूममेट. निघालाच आहे तो."

"उद्या त्याला टपरीवर चहाला घेऊन ये."

योगेश आला. सुखदेवच्याच तालुक्यातला, पलीकडच्या गावचा, कुणब्याचा पोरगा. दोघे बरोबर पुण्याला आले, एका खोलीत एकावर एक कॉटवर राहिले, एकाच पुस्तकातून शिकले. सुखदेव मुख्यला अडकला. योगेश मुलाखतीपर्यंत गेला आणि थोडक्यात हुकला. माझ्या डोळ्यासमोर एक ओढलेला, दाढी वाढलेला पोरगा होता. आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि चहाबरोबर स्वतःहून क्रीमरोल मागवणारा.

"मॅडम, मी सुटलो," तो म्हणाला. "खरं सांगतो. कितीतरी वर्षांनी मले झोप लागून राहिली. झोप काय असते, विसरलोच होतो मी."

वाशिमला एका दालमिलवर त्याला सुपरवायझर म्हणून घेतलं होतं. सोमवारी हजर व्हायचं. आणि भाग्यश्री म्हणून एक मुलगी होती, गावच्याच शाळेत शिकवायला लागलेली, जी इतकी वर्षं थांबली होती. नोकरी लागली म्हटल्यावर तिच्या घरच्यांनी होकार दिला होता. हे सगळं त्याने क्रीमरोल खाता खाता सांगितलं. सुखदेव त्याच्या शेजारी बसून हसत होता, खरं हसत होता. मधेच म्हणाला, "मी तर केव्हाचा म्हणून राहिलो, जाय लेका, इथं काही ठेवलं नाही. आता ऐकलं यानं."

मला त्या पोराचा राग आला. का, ते सरळ सांगते. सुखी माणूस माझ्या काही कामाचा नसतो. मी आयुष्यभर माणसांच्या दुखऱ्या जागा शोधत आले आणि हा समोर बसलेला, मिशीला क्रीम लागलेलं, याच्याकडे मला एकही सापडेना. शिवाय चहाचे पैसेही त्यालाच द्यायचे होते. अशी माणसं मला सहन होत नाहीत.

म्हणून मी विचारलं, "स्टँडवर घ्यायला कोण येणार?"

"बाबा येतील."

"गावातले बाकीचे?"

तो क्षणभर थांबला आणि मग मोठ्याने हसला. "गावातले कशाले येतात? मॅडम, तुम्हाला फ्लेक्सची गंमत सांगितली नाही का यानं?"

गंमत अशी. मुख्य परीक्षा पास झाल्याची बातमी गावात पोचली तेव्हा मुलाखत बाकी आहे, मुलाखतीत पाडतात, हे काही गावाला समजलं नाही. किंवा समजून घ्यायचं नव्हतं. तरुण मंडळाने फाट्यावर भलामोठा फ्लेक्स लावला. 'आपल्या गावचे भावी तहसीलदार', वर योगेशचा कोटातला फोटो, खाली मंडळाच्या सगळ्या पोरांचे गोल गोल फोटो. ढोल झाला, गुलाल झाला. योगेश इथून फोनवर ओरडत होता, अरे थांबा, अजून नाही झालं. ढोलात ऐकू कोणाला येणार? मग शेवटची यादी लागली, तिच्यात योगेशचं नाव नव्हतं. फ्लेक्स वाऱ्याने एका बाजूने सुटला. बाबांनी तो उतरवून घरी नेला. फ्लेक्सचं कापड मजबूत असतं. तेव्हापासून सोयाबीनची कापणी झाली, की शेतात रचलेल्या सुडीवर, म्हणजे ढिगावर, पाऊस लागू नये म्हणून तोच टाकतात.

"अख्खं सोयाबीन माह्या तोंडाखाली कोरडं," योगेश म्हणाला. "एवढा तरी उपयोग झाला शिक्षणाचा."

तो इतका हसला, की टपरीवरची दोन पोरंही हसली. मी हसले नाही. मी सुखदेवकडे पाहत होते. तोही हसत नव्हता. त्याने चहाच्या ग्लासात बघायला सुरुवात केली होती, आणि मला कळलं की याला आणखी काहीतरी माहीत आहे, जे योगेशला माहीत नाही.

योगेश गेल्यावर, वर ऑफिसात येऊन मी म्हटलं, "बोल."

"काय, मॅडम?"

"तो हसला तेव्हा तू का नाही हसलास?"

त्याने बराच वेळ टाळलं. मग सांगितलं. मागच्या सोयाबीनच्या वेळी हा गावी गेला होता, योगेश इथेच होता, तेव्हा त्याच्या घरच्यांना हातभार लावायला हा एक दिवस शेतात गेला. संध्याकाळी सुडीवरून फ्लेक्स काढताना बाबांनी याला दुसरं टोक धरायला सांगितलं. घडी घालायची होती. हा सरळ मधोमध दुमडायला गेला तर म्हातारा म्हणाला, तसं नाही. आधी ही बाजू, मग ती. तोंडावर मोड येऊ द्यायचा नाही. ओल्या हाताने त्यांनी फोटोवरचा भुसा पुसला आणि अशी घडी घातली, की योगेशचा चेहरा सपाट वर राहिला.

"योगेशला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार, मॅडम? मोठ्या मुश्किलीनं तो हसायला लागलाय."

मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "लिही."

त्याने कागद परत सरकवला. मग म्हणाला, "हे नको. दुसरं लिहितो काहीतरी. वडिलांचे कष्ट वगैरे."

"वडिलांचे कष्ट प्रत्येक क्लासच्या जाहिरातीत असतात. तुझ्याजवळ सोनं आहे आणि तू मला पितळ दाखवतोयस. सुखदेव, त्या पोराला ते पाठवायचं कोण म्हणतंय? तो फक्त डोळ्यासमोर. लिहायचं त्याला, जायचं दुसऱ्यांना. लिहिणारा असाच शिकतो. नाहीतर खाली झेरॉक्स आहे. आणि वाशिमच्या गाड्या रोज सुटतात."

त्याने लिहिलं. पहिलं लिहून आणलं ते मी फाडलं, त्यात धीर दिलेला होता. दुसरं फाडलं, त्यात शेवटी उद्गारचिन्ह होतं. त्याचे डोळे लाल व्हायला लागले, मी दया दाखवली नाही. तू रडून काय उपयोग, वाचणारा रडायला हवा, असं त्याला सांगितलं. "तो कोणाच्या आधी हसतो? का हसतो? ते लिही." संध्याकाळ व्हायच्या आत त्याने माझ्यासमोर कागद ठेवला आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

तो कागद असा होता:

'बॅग भरून झाली असेल. चार्जर, टॉवेल, चप्पल. मेसच्या काकांना गावाला जाऊन येतो म्हणून सांगितलं असशील.

गावात कोणी काही बोलणार नाही. फाट्यावरून जाताना तूच आधी फ्लेक्सचा विषय काढशील, तूच आधी हसशील, म्हणजे त्यांना हसावं लागणार नाही.

बाबा तो फ्लेक्स आता पिकावर झाकायला घेतात. तू म्हणतोस, बरं झालं, उपयोग झाला. पण काढताना ते घडी कशी घालतात ते तू पाहिलं नाहीस. चेहऱ्यावर मोड येऊ देत नाहीत.

त्यांनी अजून घडी मोडलेली नाही. तू मोडू नकोस.

आम्ही सकाळी ऑफिसात आहोत.'

मी ते वाचलं. नंतर पुन्हा वाचलं. मला एक अक्षर बदलावंसं वाटलं नाही, असं फार वर्षांनी झालं. हा पोरगा माझ्यापेक्षा चांगलं लिहिणार होता आणि शुभंकर सर मला केकही न कापता घरी पाठवणार होते. तरी आनंदच झाला. धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर चांगलं वाक्य कोणाचं आहे याचं दुःख उरत नाही.

"बरं आहे," मी म्हटलं. माझ्याकडून यापेक्षा जास्त कोणाला मिळालेलं नाही.

तो खिडकीतून वळला. "मॅडम, एक विनंती आहे. योगेश आपल्याकडे मुलाखतीच्या बॅचला होता. त्याचा नंबर ऑफिसात आहे. पाठवताना तेवढा काढायला सांगाल? उद्या संध्याकाळची त्याची गाडी आहे."

"बरं," मी म्हटलं.

आमच्या पेठेत बरं म्हणजे ऐकलं. बाहेरगावचे लोक त्याला होकार समजतात, त्याला आमचा नाइलाज आहे. मी ऑफिसात काहीही सांगितलं नाही. विसरले नाही, सांगितलं नाही. कॉपी चालते की नाही हे कळायला एक माणूस पुरतो, फक्त ज्याच्यावर ती चालणार नाही असा माणूस पाहिजे. रडका, घाबरलेला पोरगा परत आला तर त्यात कॉपीचं काय कौतुक? झोप लागू लागलेला, क्रीमरोल खाणारा, लग्न ठरलेला पोरगा गाडीतून उतरला, तर मी मानीन.

वेळ मीच ठरवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वाकडेवाडीच्या स्टँडवर विदर्भाच्या गाड्या लागतात तेव्हा. माणूस खिडकीशी बसलेला असतो, गाडी सुटलेली नसते, बोलायला कोणी नसतं आणि हातात फोन असतो. दिवसातली इतकी मऊ वेळ दुसरी नाही. त्या वेळी सुखदेव योगेशला सोडायला स्टँडवर गेला असता. मी त्याला काम लावून ऑफिसात अडकवून ठेवला. तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, मॅडम, आता जाऊ? मी म्हणत होते, हे एवढं संपव. मेसेज गेला तेव्हा तो माझ्यासमोर बसून पुढच्या बॅचच्या पत्रकाचा मथळा लिहीत होता. चांगला लिहिला.

फोन तेव्हापासूनच वाजायला लागले. रात्रीतून शुभंकर सरांचा मला निरोप आला, तीन अंगठे आणि एक गुलाबाचं फूल. इंदापूरहून एकाने विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? साताऱ्याच्या एका मुलीने लिहिलं, आमच्याकडे फ्लेक्स नव्हता, पेढे वाटले होते, पण तसंच. बघा, मी म्हटलं नव्हतं? एकाला लिहावं.

सकाळी मी जिना चढले तेव्हा सुखदेव काउंटरवर होता. चौकशीला आलेल्यांची गर्दी होती आणि शुभंकर सर केबिनच्या दारात उभे राहून ती डोळे भरून पाहत होते. मला बघून ते म्हणाले, "पोरगा पक्का, मॅडम." सुखदेवने ते ऐकलं. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. त्याने आईला फोन लावायला मोबाइल काढला होता, तेवढ्यात जिन्यात योगेश दिसला.

पाठीवर सॅक, हातात मोठी बॅग. इस्त्रीचा शर्ट रात्रभर कुठेतरी बसून चुरगळला होता. सुखदेवने त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी नुकताच आलेला चहा उचलला.

योगेश काउंटरपाशी आला. फोन पुढे धरला. "हे तूच लिहिलं ना बे?"

सुखदेवने मोबाइल खाली ठेवला.

"घडीचं तुलेच माहीत. सोयाबीनच्या वेळी तूच गेला होता आमच्या वावरात. मी गाडीतून उतरून घरी फोन लावला. आईले विचारलं, बाबा असं करतात का? ती रडाले लागली. म्हणे, हो रे, तुले कोणं सांगितलं?"

"योगेश, हे सगळ्याइलेच गेलं," सुखदेव हळू आवाजात म्हणाला. "जाहिरात हाय ते. माझं काम हाय. तुले जायले नको होतं. तू जाय. सोमवार गेला नाही अजून, मी सोडतो तुले स्टँडवर. आता चल."

"जाहिरात हाय हे मले समजते. मी का येडा हाय?" योगेशचा आवाज चढला नव्हता, तो फार शांत होता, आणि टपरीवरचं हसू त्यात कुठेच नव्हतं. "मी जातो. मिलवाल्याले मी अजून नाही म्हटलं नाही. भाग्यश्रीलेबी काही सांगितलं नाही. पण एक गोष्ट सांग. तू वर्षभर मले म्हणत राहिला, जाय, इथं काही ठेवलं नाही. अन् मनात हे होतं तुह्या? पुऱ्या पुण्यात मले तूच ओळखतो. खरं कोणतं, ते म्हणायचा ते का हे लिहिलं ते? तुले वाटते का, मी होईन म्हणून?"

गर्दीतली पोरं वळून बघत होती. केबिनच्या दारात शुभंकर सर तसेच उभे होते.

फार सोपा प्रश्न होता. 'नाही' म्हणायचं. तू होणार नाहीस, तुझी वेळ गेली, हे मी पोटासाठी लिहिलं, घरी जा. एवढं बोलला असता तर योगेश दुपारच्या गाडीने गेला असता, सोमवारी मिलवर उभा राहिला असता आणि आयुष्यभर याच्याशी बोलला नसता. आणि सर दारातच होते. गिऱ्हाईक हाकलणाऱ्याला कोणता क्लास ठेवतो? सुखदेवचे ओठ हलले. मला वाटलं, बोलतो आता. इतकं शिकवलेलं पाण्यात जातंय की काय, असं वाटलं. त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं.

"हो," सुखदेव म्हणाला.

एकच शब्द. विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही, एका माणसाला उद्देशून. मी त्याला शिकवलेलं सगळं त्यात आलं होतं.

योगेशने बॅग खाली ठेवली. पालथ्या हाताने नाक पुसलं आणि मान हलवली, कितीतरी वेळ हलवत राहिला. सुखदेव काउंटरच्या बाहेर आला, ती बॅग उचलून आत भिंतीशी लावली, त्याला खुर्ची दिली आणि प्रवेशाचा फॉर्म काढला. फॉर्म त्याने सरळ ठेवला, पेनही बरोबर ठेवलं.

योगेशने पेन उचललं नाही. आधी घरी फोन लावला.

"बाबा," तो म्हणाला, "मी येत नाही आता. नाही, तब्येत बरी हाय. ऐका ना. तो फ्लेक्स हाय ना माहा, तो या वर्षी सुडीवर नका टाकू. घरात ठेवा. लागंल तो."